पहिल्या पानावरचं जेवण

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सासूबाईंना अजून नीट कळलेलं नाही. "लोकायले त्यायच्याच धंद्याचं सांगते," असं त्या शेजारणीला सांगतात. मॅनेजमेंट कन्सल्टिंगची याहून चांगली व्याख्या मी पुण्याच्या कंपनीतही ऐकली नव्हती. नवरा मला उंटावरची शहाणी म्हणतो. नोकरी सोडून कारंज्याला परत आले तेव्हा म्हणाला, "आता तं उंटबी राह्यला नाई."

पण उंटावाचून माझं बरं चाललं. डाळ मिल असो की कापसाची जिनिंग, आठ-पंधरा दिवस तिथे जाऊन बसायचं, माल कुठून येतो आणि कुठे अडतो ते पाहायचं, मग जाडजूड अहवाल लिहून द्यायचा. पुढे हे एआय आलं. मी हौसेनं वापरायला घेतलं आणि माझा अहवाल चहा उकळेपर्यंत तयार व्हायला लागला. आधी मी हरखले. मग धास्तावले, कारण जे मला चहा उकळेपर्यंत मिळतं ते गिऱ्हाइकालाही मिळणारच. पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला, तर तिच्याकडे नव्या पोरांची भरती जवळपास थांबलेली. जे तक्ते भरता भरता आम्ही धंदा शिकलो, ते आता मशीनच भरतं.

अशा दिवसांत डाळ मिलच्या भाईजानचा फोन आला. दोघं भाऊ, भाईजान थोरले, वडिलांच्या वेळची मिल. आमची ओळख जुनी. धाकट्याला दूर मेडशीला दुसरी मिल टाकायची होती, कारण तूर तिकडे पिकते. भाईजानला ते मुळीच नको होतं. गोष्ट वाटणीपर्यंत गेली होती.

"ताई, तुमी या. हा फोन पागल झाला," भाईजान म्हणाले.

झालं होतं असं की दोघांनीही एआयला सल्ला विचारला होता. धाकट्यानं विचारलं, मेडशीला मिल टाकण्याचे फायदे काय? त्याला फायदे मिळाले, नकाशासकट. भाईजाननी विचारलं, चालता धंदा सोडून दुसरीकडे जाण्यात धोका किती? त्यांना धोके मिळाले, तेही भरपूर. दोघं आपापला कागद छापून समोरासमोर बसले होते. पंचच दोन्हीकडून साक्ष देत होता.

मी गेले तेव्हा दुपार होती. टेबलावर दोन डबे दिसले आणि मी दारातच थांबले. या मिलमध्ये दोघं भाऊ दुपारी एकाच ताटात जेवतात. वडील होते तेव्हा तिघं जेवायचे. वाद सुरू झाल्यापासून धाकट्याचा डबा वेगळा यायला लागला होता. वाटणीचे कागद कधीही होवोत, ताटाची वाटणी झालेलीच होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भावांपेक्षा फोनची जिरवायची होती. माझ्या पोटावर पाय देतो म्हणजे काय! म्हटलं, "भाईजान, आता तुम्ही धाकट्याची बाजू लिहून विचारा. आणि तू भाईजानची. पाहू काय म्हणतो."

फोन लगेच पलटेल आणि मी "पाहिलंत?" म्हणेन, असा माझा बेत होता.

भाईजान एका बोटानं लिहायला लागले. 'माझ्या भावाला मेडशीला मिल टाकायची आहे कारण' इथपर्यंत आले आणि थांबले. चष्मा काढून पुसला.

"काहून टाकाची हाय रे तुले?"

"लिवलं ना त्या कागदात."

"ते फोननं लिवलं. तू सांग."

धाकट्यानं आपला छापलेला कागद उलटा ठेवला. मग म्हणाला, "इथं सारं अब्बाचं हाय, मंग तुमचं. मले एक काम माह्या हातानं करून पाह्यचं हाय, भाईजान. बस."

"मंग हे मले कधी सांगतलं तुनं?"

"तुमी कधी इचारलं?"

मी खुर्ची मागे घेऊन बाजूला झाले. हे मला सहसा जमत नाही.

आता धाकट्याची पाळी. तो लिहिता लिहिता म्हणाला, "तुमाले भेव कायचं हाय? पैसा बुडनार याचं?"

"पैशाचं नाई रे," भाईजान म्हणाले, आणि त्या दोन डब्यांकडे पाहून पुढे एवढंच बोलले, "तू तिकडं गेला तं मी कोनासंग जेवू?"

माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत. धाकट्यानं उठून फडताळातलं मोठं ताट काढलं, धुतलं, दोन्ही डबे त्यात रिकामे केले. मला वेगळ्या ताटलीत भात वाढला आणि वर वरण ओतलं. फोन तसाच पडून होता. त्याला शेवटी कोणी काही विचारलंच नाही.

जेवतानाच ठरलं. मेडशीची मिल धाकट्यानं चालवायची, पण दर जुम्म्याला, शुक्रवारी, कारंज्याला यायचं, नमाजनंतर इथेच जेवायचं.

अहवाल मी एआयकडूनच लिहून घेतला. का नाही? जागा, वीज, तुरीची आवक, सगळं त्यानं झकास मांडलं. मी जुम्म्याच्या जेवणाचं कलम घातलं, आणि भाषा नीट कर म्हटलं तर त्यानं ते कलमच काढून टाकलं. वर नम्रपणे कळवलं, की हा मजकूर व्यवसायाशी संबंधित वाटत नाही. मी मनापासून हसले. कितीतरी महिन्यांची धास्ती गेली.

ते कलम मी पहिल्या पानावर घातलं, सगळ्यात वर. भाईजाननी अहवाल घेतला, चष्मा लावला, तेवढं कलम वाचलं आणि पान न उलटताच खाली सही केली.