समुद्रदेवाचं मखर

आमच्या म्युनिकच्या घरातलं बाल्कनीचं दार अकरा महिने उघडलेलं नव्हतं. त्याच्यासमोर मखर उभं होतं.

ते माझ्या नवऱ्याने केलं होतं. आमच्या भिंतीवर अठराव्या शतकातलं एक इटालियन चित्र आहे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. त्याला ते जुन्या बाजारात सापडलं. त्यात समुद्रदेवाचा महाल आहे: खांबांची दुहेरी रांग, पायऱ्यांवर उधळलेले घोडे, माथ्यावर जलकन्या. पाहुण्यांना तो विचारायचा, दगडाचा वाटतो ना? मग सांगायचा की हे नुसतं लाकूड आणि कापड. उत्सवासाठी उभारलं आणि त्याच रात्री शोभेच्या दारूसह जाळून टाकलं. उरलं ते एवढं चित्र.

मागच्या गणपतीत त्याने तोच महाल पार्सलच्या खोक्यांतून उभा केला. एरवी त्याचं मखर सुतळीने बांधलेलं असे, सुटं करून तळघरात ठेवता येई. या वेळी खांब सरळ दिसावेत म्हणून त्याने सगळं गोंदाने चिकटवलं. ते खोलीच्या दारातून अख्खं निघणार नाही, हे आम्हा दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, नंतर कापू, असं तो म्हणाला. विसर्जन बादलीत झालं. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसातच त्याचं हृदय थांबलं.

मी मखराच्या कडेकडेने चालायला शिकले. उन्हाळ्यात खोली तापली तरी दार बंदच. कपडे न्हाणीघरात वाळत. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. म्हणजे यंदा नवं मखर नाही, आणि जुनं मोडायला कारणही नाही.

मग इमारतीची देखभाल पाहणाऱ्या हाउसफरवाल्टुंगचं पत्र आलं: कठड्याच्या दुरुस्तीसाठी मंगळवारी कारागीर येईल, बाल्कनीचं दार मोकळं ठेवा. पत्र मी एका पुस्तकात घातलं. रविवारी पुण्याहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा मात्र पत्राचं आणि मखराचं बोलून गेले. मला वाटलं, त्या म्हणतील, राहू दे.

त्या म्हणाल्या, "अगं, इतकी पुस्तकं वाचतेस आणि पुठ्ठ्याला घाबरतेस?"

"आई, त्याने हाताने केलंय."

"लहानपणापासून हातानेच करायचा. मोडायचे मी. त्याला बघवायचं नाही." मग म्हणाल्या, "सुरी घे. मी आहे फोनवर."

पाव कापायच्या सुरीने मी पहिला खांब कापला. आतून पार्सलची चिठ्ठी निघाली, त्याच्या नावाची. सासूबाईंना सांगितलं नाही. दुसरा कापला. पुढे हात चालेना. झालं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

मंगळवारी कारागीर तिरका होऊन बाहेर गेला. दार आता उघडतं, एका माणसापुरतं.

काल सासूबाई म्हणाल्या, मोकळी खोली दाखव बघू. कॅमेरा बिघडलाय, मी सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "सुरी मात्र हाताशी ठेव."