मुद्दाम चुकवलेली उत्तरं

शेजाऱ्याने मला ती गोष्ट सांगितली तेव्हा माझ्या हातात भिजवलेल्या बदामांची वाटी होती. बदाम कशासाठी, ते आधी सांगते, कारण त्यात हसं माझंच झालं होतं.

मुलगी तेव्हा नववीत होती आणि शाळेच्या सॉकर टीममध्ये तिची निवड झाली होती. सीझन सुरू व्हायच्या आधी शाळा एक टेस्ट घेते. कॉम्प्युटरसमोर बसवतात, शब्दांची यादी दाखवतात, नंतर त्यातले किती आठवतात ते विचारतात, बटण किती पटकन दाबलं ते मोजतात. पुढे खेळताना डोक्याला मार लागलाच, तर पुन्हा तीच टेस्ट घ्यायची आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवायचे. फरक दिसला तर पोरीला बाहेर बसवायचं. पत्रात हे सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी त्यातला फक्त 'टेस्ट' हा शब्द वाचला. आठवडाभर तिच्याकडून याद्या पाठ करून घेतल्या, रोज लवकर झोपवलं आणि सकाळी उठल्या उठल्या बदाम. "आई, देअर आर नो मार्क्स! यू कान्ट स्टडी फॉर धिस!" असं ती ओरडायची. मी म्हणायचे, बिनमार्कांची परीक्षा अजून जन्माला यायचीय.

टेस्टच्या दिवशी उरलेले बदाम मी बॅकयार्डात उभी राहून खात होते. पलीकडे शेजारी झाडांना पाणी घालत होता. त्याला हे सगळं सांगितलं, तर तो इतका हसला की हातातला पाइप हलून माझे पाय भिजले.

"आम्ही उलटं करायचो," तो म्हणाला. "मुद्दाम चुकायचो."

हा शेजारी अकरा सीझन व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळलेला. लाइनबॅकर होता. अमेरिकेतल्या एडिसन गावच्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा मला लाइनबॅकर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याची मान बघून एवढंच कळलं होतं की धडका मारण्याचं काही काम असावं. नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं त्याचं नाव ऐकून हरखायची, आमच्या खिडकीतून डोकावून बघायची. मला आपलं वाटायचं, धडका मारणाऱ्याचं एवढं काय कौतुक!

हा माझा अडाणीपणा त्यानेच एका दिवाळीला घालवला. फराळाला आला होता. माझा मसाल्याचा डबा त्याने टेबलावर ओढला आणि वाट्या बाहेर काढून मांडल्या. जिऱ्याची वाटी म्हणजे तो स्वतः, बचावाच्या पहिल्या फळीच्या मागे, बरोबर मधोमध. त्याच्या हेल्मेटमध्ये कानाशी छोटा स्पीकर, त्यातून कोच सांगणार की आता बचाव कसा लावायचा. ते ऐकायची सोय अकरा जणांत एकालाच, आणि खूण म्हणून त्याच्याच हेल्मेटला मागे हिरवा ठिपका. ऐकायचं, दहा जणांना ओरडून सांगायचं, समोरचे कसे उभे आहेत त्यावरून त्यांचा डाव ओळखायचा, गरज पडली तर शेवटच्या क्षणी सगळं फिरवायचं, आणि हे झाल्यावर तीन मणांचा माणूस अंगावर घ्यायचा. वाट्या कमी पडल्या तेव्हा त्याने लसणाच्या पाकळ्या मांडल्या. सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका सामन्यातला डाव, पण कोण कुठे उभा होता यात एकदाही अडखळला नाही. मी तोंडात चकली धरून बघत राहिले.

आणि असा माणूस मला सांगत होता की सीझनच्या आधीच्या टेस्टमध्ये तो मुद्दाम चुकायचा.

"सुरुवातीलाच कमी मार्क पाडून ठेवायचे," तो म्हणाला. "मग मार लागल्यावर गरगरत असताना टेस्ट घेतली तरी निकाल तेवढाच येतो. फरक नाही म्हणजे पास. पुन्हा मैदानात. सगळी बरोबर दिलीस तर बाहेर बसवतात. आणि एकदा बाहेर बसलं की आपल्या जागेवर दुसरा येतो, तो परत उठत नाही."

"सगळेच करायचे असं?"

"शहाणे होते ते करायचे. पण मोजून चुकावं लागतं. जास्त चुकलं की संशय येतो."

माझे वडील नागपूरला रेल्वेत कारकून होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. घरात बुद्धाच्या तसबिरीखाली माझी दहावीची मार्कशीट फ्रेम करून लावली होती आणि आलेल्या प्रत्येकाला ती वाचावी लागायची. गणितात गेलेले दोन मार्क वडील शेवटपर्यंत विसरले नाहीत. मुद्दाम मार्क घालवणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पुस्तकाला पाय लागावा तसं मला झालं.

शिवाय माझी नोकरीच सॉफ्टवेअर टेस्टिंगची. बदल करण्याआधी सगळं कसं चालत होतं याची आम्ही नोंद ठेवतो आणि बदलानंतर तिच्याशी ताडून बघतो. पहिली नोंदच खोटी असेल तर पुढे काहीही बिघडो, सगळं आलबेल दिसणार. मी त्याला हे सांगितलं.

"तेच तर हवं होतं," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "बायकोला सांगू नकोस. ती समजते की मी दर वेळी पास झालो, म्हणजे मला काही लागलंच नाही."

मी नाही सांगणार म्हटलं. नऊ वर्षं नाही सांगितलं.

नऊ वर्षांत मुलगी कॉलेजला गेली आणि शेजारी बदलत गेला. कचऱ्याचा डबा भलत्याच दिवशी रस्त्यावर. एका दुपारी आमच्याच दाराच्या कुलपात किल्ली खुपसून उभा, आणि बायकोने कुलूप बदललं म्हणून संतापलेला. एकदा दूध आणायला गाडी घेऊन गेला तो दोन गावं पलीकडे रस्त्याच्या कडेला सापडला. घरात ताटं फुटायची. त्याची बायको शाळेत लायब्ररियन, बारीक अंगाची, नेमकं बोलणारी बाई. एकदा आमच्या पायरीवर बसून म्हणाली, "तो बरा होईल अशी आशा मी सोडलीय. मला फक्त आजाराचं नाव हवंय. नाव नसेल तर मग तो शुद्धीवर राहून माझ्याशी असा वागतो, असा अर्थ होतो. तसं असेल तर मी इथे राहू शकणार नाही."

डॉक्टरकडे जायचं ठरलं तेव्हा तिने मला बरोबर नेलं. मी सगळं लिहून घेते म्हणून. जुन्या टीमकडून त्याची फाइल मागवली होती. दोन तास टेस्ट चालली. मग डॉक्टरीणबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "चांगली बातमी आहे. तुमच्या खेळण्याच्या काळाशी तुलना केली तर म्हणण्यासारखा फरकच नाही."

तो टेबलावर हात आपटून हसला. "सांगितलं नव्हतं? मी होतो तसाच आहे!"

"मग हे सगळं कशामुळे?" त्याच्या बायकोने विचारलं.

"वय, स्वभाव, कदाचित नैराश्य. समुपदेशन करून बघा."

"आणि गाडी?"

"या निकालावरून तरी मी चालवू नका म्हणू शकत नाही."

माझा हात वहीवर थांबला. 'फरक नाही' असं मी लिहिलं होतं, वर त्याखाली रेघही मारली होती. त्या खोलीत तो जुना कागद खोटा आहे हे जाणणारी मी एकटीच होते. आणि मी गप्प बसले. एरवी मीटिंगमध्ये मॅनेजरला न सोडणारी बाई मी, पण शब्द दिला होता, समोर छापील निकाल होता आणि डॉक्टर बोलत होत्या. त्याची लाज मला आजही वाटते.

परतताना त्याने बायकोपुढे हात पसरून किल्ली मागितली. पास झालेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? ओक ट्री रोडच्या कोपऱ्यावर सिग्नल लाल होता. त्याने तो पाहिलाच नाही. साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन एक काकू रस्ता ओलांडत होत्या. कुणीतरी हॉर्न मारला, त्या दचकून मागे सरकल्या म्हणून वाचल्या. तो शीळ घालत पुढे निघाला. मागच्या सीटवरून मी वळून त्या काकूंकडे बघत राहिले.

घरी नवऱ्याला सांगितलं. "यार, तू कशाला मध्ये पडतेस?" तो म्हणाला. "डॉक्टरने रिपोर्ट दिलाय ना? त्यांचा फॅमिली मॅटर आहे. उद्या केस-बिस केली आपल्यावर तर?"

"आणि त्या काकू मेल्या असत्या तर?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि दोघांसमोर सगळं सांगून टाकलं.

त्याची बायको माझ्याकडे वळली. "तुला सांगितलं? कधी?"

"नऊ वर्षं झाली."

"मला एकतीस वर्षांत नाही सांगितलं."

मला वाटलं तो आता माझ्यावर चिडणार, मी शब्द मोडला म्हणून. मी त्याची तयारी करून गेले होते. पण त्याच्या चेहऱ्यावर राग आला तो वेगळाच. "मी? मुद्दाम? मी कधी कुणाला फसवलं नाही. कागदावर आहे तेवढंच माझं डोकं होतं. मी फक्त धडका मारायचो."

तो लपवत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. ती लबाडी गेली होती, आणि तिच्याबरोबर लबाडीला लागलेली हुशारीही. दहा जणांना हाकणारा माणूस स्वतःला मठ्ठ समजून माझ्यासमोर बसला होता. मला रडू आलं. "हिरवा ठिपका तुझ्या हेल्मेटला होता ना?" मी जवळजवळ ओरडलेच. तो नम्रपणे म्हणाला, "असेल."

त्याच्या बायकोने तिथूनच डॉक्टरला फोन लावला. सगळं सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "पण मग आत्ताची उत्तरं त्याने खरी दिली कशावरून?" प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांनी कॉलेजच्या काळातले कागद मागवले आणि काही महिन्यांनी पुन्हा टेस्ट घ्यायची ठरवली. तोवर गाडी बंद. किल्ली त्याच्या बायकोच्या लायब्ररीच्या पिशवीत गेली.

पुढच्या टेस्टच्या दिवशी गाडी तिने चालवली. हॉस्पिटलात ती फॉर्म भरायला खिडकीपाशी गेली आणि आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये उभे होतो. त्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला,

"या वेळी किती चुकवू?"

ज्या गोष्टीचा त्याने स्वयंपाकघरात ठासून इन्कार केला, ती कुठेतरी आत तशीच बसलेली होती. शब्द गेले, गाव गेलं, घराचं कुलूप गेलं, आणि हे राहिलं.

"एकही नाही," मी म्हटलं. "सगळी बरोबर दे."

"नक्की? मग बाहेर बसवतील मला."

"बसवू देत."

त्याने मान हलवली, शर्ट खाली ओढून नीट केला आणि आत गेला. दोन तासांनी बाहेर आला तो घामाने थबथबलेला. इतका खूश मी त्याला कैक वर्षांत पाहिला नव्हता. "एकही सोडलं नाही," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना आत बोलावलं. नवा कागद त्या जुन्या कागदाशेजारी ठेवला. मी वाकून आकडे ताडले, माझं रोजचं कामच ते. एके काळी मोजून, मुद्दाम चुकून तो जिथे थांबायचा, तिथेच आज सगळा जीव लावून पोचला होता. त्याच्या कॉलेजच्या कागदांवरचे मार्क मला लाजवतील असे होते. बाई हलक्या आवाजात बोलल्या आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. त्याच्या बायकोने माझ्या हातातली वही घेतली, स्पेलिंग विचारलं, आणि नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर पेन तिच्या हातून सुटलं. ते उचलायला आम्ही दोघी खाली वाकलो आणि तशाच थोडा वेळ राहिलो.

तो बाहेर वाट बघत होता. निकालाच्या दिवशी मी वडिलांसमोर उभी राहायचे तसा उभा होता.

"किती पडले?"

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं. मार्कांबद्दल मी बोललेलं ते पहिलं खोटं.

तो मोकळा हसला. आम्ही पार्किंग लॉटमध्ये आलो. सवयीने तो डावीकडच्या, ड्रायव्हरच्या दाराशी गेला, पण त्याची बायको आधीच तिथे बसलेली होती. तिने आतून हात लांब करून पलीकडचं दार उघडलं. तो क्षणभर थांबला, गाडीला वळसा घालून गेला आणि बसण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाला,

"सांगितलं होतं ना तुला? सगळी बरोबर दिली की बाहेर बसवतात."