दूध तोडलं, असं मी सांगितलं

संध्याकाळी सव्वासहाला मी कचेरीतून परत यायची, तेव्हा माझा पावणेदोन वर्षांचा मुलगा शेजारच्या खालाच्या मांडीवर बसलेला असायचा, आणि मला बघून तोंड फिरवायचा. मी चपला काढायच्या आधीच दोन्ही हात पुढे करायची. तो खालाची ओढणी तोंडावर ओढून घ्यायचा. "जा बेटा, मम्मी आयी ना," खाला म्हणायची, आणि तो ओढणीच्या आतूनच मान हलवून नाही म्हणायचा. खालाला हसू यायचं. ते हसणं साधं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं, बाई मला हिणवून राहिली आहे.

मंगरूळपीरला आमचं आणि तिचं घर लागून, मध्ये एकच भिंत. तिचा नवरा गाद्या भरतो, ती घरी बसून खोळी आणि दुलया शिवते. माझी रजा संपली तेव्हा मुलाला ठेवायचं कुठे हा प्रश्न होता. माझा नवरा एसटीत कंडक्टर, त्याच्या ड्युटीचा भरवसा नाही. सासूबाई रिठदला, शेत आणि दोन म्हशी सोडून त्या येणार नाहीत. खाला आपणहून म्हणाली, "माह्याजवळ ठेव. दोघी पोरी सासरी गेल्या, घर खायाले उठते." त्या दिवशी मी तिच्या पाया पडायचीच राहिले होते. वर्षभरात त्याच बाईचं काहीही मला खपेनासं झालं.

मुलाच्या केसांत रोज कापसाचे तंतू असायचे. ते मी एकेक वेचून काढायची, जणू दुसऱ्याच्या घरची घाण. त्याच्या बोटांना लसणाच्या फोडणीचा वास यायचा, आमच्या घरी त्या दिवशी लसूण पडलेलाच नसायचा. मी सकाळी उठून त्याच्यासाठी वेगळा डबा करून द्यायची, तो डबा संध्याकाळी स्वच्छ धुऊन परत यायचा. एकदा मुलीला विचारलं, बाबूनं डबा खाल्ला का? माझी मुलगी साडेचार वर्षांची, केजीत जाते, साडेबाराला ऑटोनं परत आली की तीही खालाकडेच असते. ती म्हणाली, "नाई. तो खालाच्या ताटातलं खाते. डबा मी खाते."

एका रविवारी मी त्याची परीक्षा घेतली. त्याला समोर बसवलं आणि विचारलं, मम्मी कुठे आहे? त्यानं विचार केला आणि भिंतीकडे बोट केलं. खालाच्या मुली फोनवर तिला अम्मी म्हणतात, ते ऐकून तोही तिला अम्मी म्हणायला शिकला होता. मला तो काहीच म्हणत नसे. नवऱ्याला हे सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "लहान हाय तो. कायले मनावर घेतं?" मग मी त्याच्यावरही दोन दिवस चिडून राहिले.

एक गोष्ट मात्र खालाजवळ नव्हती. तो अजून अंगावर पीत होता. सकाळी आणि संध्याकाळी, तोंड फिरवून झालं, रुसणं झालं, की शेवटी माझ्याजवळच यायचा. तेवढा वेळ तो माझा असायचा.

त्याच सुमारास सासूबाई दोन दिवसांसाठी आल्या आणि त्यांनी ते पाहिलं. "अवं, एवढं मोठं पोट्टं अजून पेते? म्हून तं अन्नावर नाई त्याचं मन." आमच्याकडे यावर दोन उपाय. एक तर कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावायचा, नाही तर पोराला आठ-पंधरा दिवस आईच्या नजरेआड ठेवायचं. सासूबाईंनी पहिला धरला. स्वतः पाला तोडून आणला, स्वतः पाट्यावर वाटला, आणि त्यांच्यासमोर तो हिरवा लगदा मला लावायला लावला. बाबूनं तोंड लावलं, थुंकला, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला मारलं. मग रडला. "झालं," सासूबाई म्हणाल्या, "तीन दिस आवर. मंग इसरते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. त्यांची गाडी वाशिमच्या रस्त्याला लागली नसेल, तेवढ्यात मी साबणानं छाती धुतली आणि त्याला घेऊन स्वयंपाकघरात बसले.

दूध तोडलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंना फोनवर, नवऱ्याला, कचेरीतल्या बायांना, आणि सगळ्यात ठासून खालाला. ती म्हणाली, "अच्छा हुआ. आता जेवन बराबर." मी मनात म्हटलं, बघू या कसा जेवतो तुझ्याजवळ.

मी आधी दोनदाच पाजायची, आता तीनदा पाजू लागले. सकाळी खालाकडे द्यायच्या आधी, संध्याकाळी आणल्याबरोबर, आणि दुपारी डबा विसरल्याचं निमित्त करून घरी येऊन. कचेरी चालत सात मिनिटांवर. मी यायची, खालाकडून दोन्ही पोरांना "जरा घरी नेते" म्हणून उचलायची, स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घ्यायची. मुलीला उंबऱ्यावर बसवायची. "कोणी आलं तं मले सांगजो. खालाले काई सांगायचं नाई." तिला ते काम आवडलं. पाय लांब करून, हात मांडीवर ठेवून ती राखणदारासारखी बसायची. कधी आतून मला तिचा आवाज यायचा, समोरच्या कुत्र्याला ती सांगायची, "इकडं नको येऊ, आमचं काम चालू हाय." शाळेत काय झालं ते तिला सांगायचं असायचं. मी म्हणायची, थांब जरा, बाबूचं होऊ दे.

आठवडाभरातच फरक दिसला. एका संध्याकाळी मी दारात उभी राहिले, आणि तो खालाच्या मांडीवरून घसरत उतरला, धावत आला, माझा पदर ओढायला लागला. मला लाज वाटायला हवी होती. पण माझी दिवाळी झाली. खाला त्याला भरवत होती, तिचा घासाचा हात तसाच हवेत राहिला. तो मी पाहिला, आणि मला बरं वाटलं. इतकं बरं मला बढती मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

पोटभर दूध पिऊन गेलेलं पोर जेवणार कसं? खाला रोज नवं काही करू लागली. मुगाची खिचडी पातळ केली, मग घट्ट केली. मीठ कमी केलं. दुधात डबलरोटी भिजवली, शेवया केल्या, अंडं उकडून बोटांनी कुस्करून दिलं. तो तोंडात घ्यायचा आणि फेकायचा. "आज बी नाई खाल्लं," ती मला रोज दारातच सांगायची, गुन्हा कबूल केल्यासारखी. मी म्हणायची, "खाईन ना खाला, काय घाई हाय." इतकं गोड मी तिच्याशी वर्षात बोलले नव्हते.

एका गुरुवारी त्याच्या मनगटात काळा दोरा दिसला. खाला त्याला दर्ग्यात घेऊन गेली होती, फुंकर मारलेलं पाणी आणलं होतं, ते त्याला पाजलं होतं. मला न विचारता कसं नेलं म्हणून मी फणफणले. खरं सांगायचं तर नेलं म्हणून राग नव्हता. माझ्या पोरासाठी नवस बोलायचं सुचलं ते तिला, मला नाही, याचा राग होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, खाला आमच्याकडे आली. ती सहसा येत नाही, आम्हीच जातो. हातात पिशवी होती. त्यात त्याची वाटी, चमचा, दोन चड्ड्या, आणि तिनं त्याच्यासाठी शिवलेली लहानशी दुलई. पिशवी खाली ठेवून ती उभीच राहिली.

"बेटी, सोमवारपासून याले दुसरीकडं ठेव."

"काहून?"

"मेरीच नजर लागली त्याले. मिरच्या उतारल्या, मीठ उतारलं. फायदा नाई." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मी लय जीव लावला ना. दुसऱ्याच्या लेकराले एवढा जीव लावू नये. अम्मी म्हणे मले, मी ना नाई म्हटलं. खुश व्हायची. त्याचीच नजर झाली."

मला जे हवं होतं ते पिशवीत भरून माझ्या दारात आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर तिच्या छातीवरचा दगड उतरला असता. ते वाक्य माझ्या तोंडात आलं, आणि मी गिळलं. मी म्हटलं, "बसा तं खरं, चहा टाकते."

मुलगी माझ्या मागे उभी होती. खाला रडते हे बघून तिला वाटलं असावं, हिला चांगली बातमी सांगावी. "खाला, बाबू उपाशी नाई. तो दूध पेते ना मम्मीचं. रोज तीनदा. मी दरवाज्यात बसते, कोणालेच नाई सांगत."

खालानं माझ्याकडे पाहिलं. मी गॅसकडे पाहिलं. ती मग खाली बसली, आणि मला वाटलं होतं तसं काहीच म्हणाली नाही.

"मी समजली, माह्या हाताची चवच गेली," एवढंच म्हणाली.

चहा तिनं अर्धा घेतला. मग विचारलं, "खरंच तोडायचं हाय का तुले?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नव्हतं. तिनं हो धरलं. "आईच्यानं होत नाई ते. हमारे में भी नहीं होता. दुसऱ्या घरी द्या लागते. तीन दिवस दे मले. तू समोर येऊ नको. आवाज पण देऊ नको." तिनं पिशवी उचलली, बाबूला उचललं, आणि गेली. मी तिच्याशी असं वागूनही तिनंच माझं काम अंगावर घेतलं, याचाही मला त्या क्षणी हेवा वाटला. इतकं मोठं मन असतं तर मीही दाखवलं असतं.

शुक्रवारची सगळी संध्याकाळ तो रडला. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. मी जुन्या ओढणीनं छाती आवळून बांधली होती, तरी त्याचा आवाज आला की दूध यायचं आणि ब्लाउज ओला व्हायचा. शनिवारी कमी रडला. दुपारी खालाचा आवाज आला, "शाबास, और एक," आणि मला कळलं, तो जेवतो आहे. माझा जळफळाट झाला. घरात मी आणि मुलगी दोघीच होतो, नवरा ड्युटीवर. दोन दिवस पूर्ण मी तिच्या वाट्याला आले होते, असं ती धरून चालली होती. तिनं शाळेतली दोन्ही गाणी म्हणून दाखवली, चित्राची वही दाखवली, माझ्या केसांत तिची क्लिप लावली. मी बरं, छान, म्हणत होते आणि भिंतीजवळची जागा सोडत नव्हते. तुरीची डाळ निवडायला घेतली तीही भिंतीला टेकूनच.

रविवारी दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. थोडी डाळ तिनंही आपल्यासमोर ओढली.

"माहं दूध पण असंच तोडलं होतं का?"

"हो."

"खालाजवळ?"

"नाई. तुले रिठदले ठेवलं होतं, आजीजवळ. पंधरा दिस."

"काहून?"

"बाबू पोटात होता ना."

तिनं डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "मी रडली होती?"

"आजीले माहीत. रिठद दूर हाय, दोन गाड्या बदला लागतात. मले कसं ऐकू येईन?"

"मंग तुले आजीचा राग आला होता का? खालाचा येते तसा?"

तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. उंबऱ्यावर बसून बसून तिनं ते स्वतःच ओळखलं होतं. आणि मला रिठदचे ते पंधरा दिवस आठवले. मला ओकाऱ्या होत होत्या, अंगात त्राण नव्हतं. सासूबाई पोरीला घेऊन गेल्या तेव्हा मी सुटले म्हटलं होतं. दुपारी झोपायची. फोनवर त्या सांगायच्या, रमली पोरगी, माझ्याजवळच झोपते, आणि मी म्हणायची, बरं झालं. राग कसला, मी त्यांचे उपकार मानत होते.

"आला होता," मी म्हटलं. "लय राग आला होता."

तिचा चेहरा उजळला. डाळ सोडून ती माझ्यासमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. "किती?"

मी दोन्ही हात जमतील तितके लांब पसरले. "एवढा."

तेवढ्यात भिंतीपलीकडे बाबू खळखळून हसला, आणि माझी मान तिकडे वळली. हात तसेच पसरलेले होते. मी परत तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. मग ती उठली आणि जाऊन उंबऱ्यावर बसली.