मागच्या कोपऱ्यातली चूक

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या मावशींना कामचुकारपणा कधी जमलाच नाही. गिऱ्हाइकाला बुधवार सांगितला की मंगळवारी खुर्ची तयार. त्यामुळे निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची खुर्ची तीन आठवडे दुकानात तशीच पडून राहिली, तेव्हा मावशींच्या नवऱ्यालाही नवल वाटलं. बाई तर फोन करून करून थकल्या. कधी वेत संपलेला असे, कधी मावशींचा अंगठा दुखत असे. दोन्ही शुद्ध थापा.

खरी गोष्ट वेगळीच होती. पहिल्याच दिवशी खुर्ची उलटी केली, तर चौकटीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने घातलेली तारीख दिसली. बत्तीस वर्षांपूर्वीची, मावशींच्या वडिलांच्या अक्षरातली. विणून झालं की तारीख घालायची ही त्यांचीच शिस्त.

वेत फार तर पंधरा-वीस वर्षं तग धरतो. वडिलांना जाऊन तेवीस वर्षं झाली होती. त्यांनी विणलेल्या खुर्च्या एकेक करून परत आल्या आणि दर वेळी मावशींनी त्यांची वीण कापून नवी घातली. गेल्या सहा वर्षांत एकही आली नव्हती. संपल्या सगळ्या, असं मावशींनी मनाशी धरलं होतं, तर ही कुठूनशी उगवली. वापरच नव्हता म्हणून टिकली होती. पुढच्या बाजूला तेवढं वीतभर भोक पडलं होतं.

ही कापली की वडिलांच्या हातची वीण कुठेच उरणार नव्हती. मावशींचा हात काही कात्रीकडे जाईना. त्यांच्या स्वतःच्या खुर्च्यांचंही पुढे हेच व्हायचं होतं. फक्त त्या कापायला लेक नसणार, कारण मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि वेताला हात लावत नव्हता.

शेवटी बाई काठी टेकत स्वतःच आल्या.

"काय गं, तीन आठवड्यांत झाड लावून वेत काढतेस का?"

मावशींनी मग लपवाछपवी सोडली. "बाई, ही खुर्ची मला द्याल? बदल्यात नवी कोरी देते." आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी ऐकून घेतलं. "तुझ्या वडिलांनी ही जपून ठेवायला विणली की बसायला?"

"बसायला."

"आमच्या ह्यांनी पाहुण्यांसाठी म्हणून जन्मभर कुणाला टेकू दिलं नाही. ह्यांच्यामागे पाहुणेही गेले. मी ब्याऐंशीची आहे. मला हिच्यात खिडकीशी बसायचंय, आणि फार थांबायला सवड नाही."

मावशींनी कात्री घेतली, पुढून सुरुवात केली आणि मागच्या कोपऱ्याशी येऊन थबकल्या. मग फस्सकन हसल्या.

"काय झालं?"

"चुकलेत! ही तिरकी पट्टी वरून जायला हवी, खालून घातलीय. एवढ्या चुकीसाठी मला अख्खी ओळ उसवायला लावायचे. आणि स्वतः बघा!"

हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पदराने पुसले, नाक ओढलं आणि राहिलेला कोपराही कापून टाकला. जुना वेत कचऱ्याच्या पोत्यात गेला, नेहमीसारखा.

चौथ्या दिवशी बाई खुर्ची न्यायला आल्या. वीण टंच बसली होती. मावशींनी वडिलांच्या तारखेखाली आपली तारीख घातली. बाईंनी चष्मा पुसून मागचा कोपरा निरखला. शाळेत चुका शोधण्यात आयुष्य गेलेलं.

"इथे तूही चुकलीस की गं. अगदी तश्शीच."

"त्या कोपऱ्यावर कुणाचा भार येत नाही. टिकायला काही कमी नाही पडणार."

"किती टिकेल?"

"पंधरा वर्षं बघायला नको."

"म्हणजे मी काही नसणार." बाई खुर्चीत ऐसपैस बसल्या. "तूही जेमतेमच. मग उसवणारा काय म्हणेल?"

"म्हणेल, कोण होती कुणास ठाऊक, विणता येत नव्हतं बाईला," मावशी म्हणाल्या. "म्हणू दे."