धावून आला

निकाल लागला त्या दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी फटाक्यांची माळ लागली. गणपती कधीच होऊन गेले होते, दिवाळीला अवकाश होता, मॅचही कुठली नव्हती. मी आणि आमचे हे कोर्टातून रिक्षाने परत येत होतो. धूर ओसरेपर्यंत रिक्षावाला थांबला आणि मागे वळून म्हणाला, "काय काका, निवडणूक जिंकलं का कुणी?" मीच म्हटलं, "नाही. एक माणूस सुटलाय."

सुटलेला माणूस आमच्याच इमारतीतला. तळमजल्यावर त्याचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. आमच्या घरातला प्रत्येक बल्ब त्याच्याकडून आलेला. आणि ज्याला त्याने मारलं तो आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा मुलगा. सुदानमधून इथे फार्मसी शिकायला आलेला. इतका उंच, की जिन्याच्या वळणावर मान तिरकी करायचा. आणि काळा. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कोर्टात हा शब्द कुणी एकदाही उच्चारला नाही आणि गल्लीत त्याच्यासाठी दुसरा शब्दच नव्हता.

सदाशिव पेठेत खोल्या भाड्याने देणाऱ्यांना तोटा नाही, पण त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. आमच्याकडे आला तेव्हा मीही 'घरी विचारून सांगते' म्हणून टोलवलं होतं. यांनी आतूनच विचारलं, "मराठी शिकणार का?" तो म्हणाला, "येस सर." झालं, खोली त्याची. हे शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून व्याकरणाच्या चुका काढायला त्यांना मीच काय ती उरले होते, त्यामुळे नवा विद्यार्थी मिळाल्यावर स्वारी खूश झाली.

मुलगा मराठी कानाने शिकायचा. मी यांना दिवसभर 'अहो' म्हणून हाका मारते, तर त्याला वाटलं 'अहो' हे यांचं नावच आहे. मग त्याने आदराने त्याला काका जोडलं. अहोकाका. सलग, एका दमात. "अहोकाका, चहा झाला का?" "अहोकाका, पाणी गेलं." जन्मभर दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारणाऱ्या माणसाने ही एक चूक कधी सुधारली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अर्थ पोचतोय ना? राहू दे."

घडलं ते एवढंच. संध्याकाळी हे भाजी घेऊन येत होते. दुकानदार शटर ओढत होता, हातात शटर खाली ओढायचा लोखंडी आकडा. पायरीपाशी वायरचं वेटोळं पडलं होतं, त्यात यांचा पाय अडकला आणि हे आडवे झाले. पडल्या पडल्याच त्याला बोलले, "रस्ता काय आंदण मिळालाय?" तो आकडा घेऊन यांच्या बाजूला उभा राहून उलट बोलत होता. पलीकडून मुलगा कॉलेजमधून येत होता. त्याने पाहिलं, की काका खाली पडलेत आणि वर एक माणूस लोखंड घेऊन उभा आहे. तो पळत आला. दुकानदार वळला, आणि हातातला आकडा मुलाच्या डोक्यात बसला. मी आत स्वयंपाकघरात होते. मला फक्त हाक ऐकू आली, "अहोकाका!" एवढ्या मोठ्याने त्याने कधी हाक मारली नव्हती. हॉस्पिटलात तो काही दिवस होता. शुद्धीवर आला नाही.

पोलिसांनी मला विचारलं, "तुम्ही पाहिलं का?" मी म्हटलं, पाहिलं नाही, ऐकलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

त्याच्या देशात लढाई चालू होती. आईला घर सोडून दुसऱ्याच गावी जावं लागलं होतं, ती इथे कुठून येणार? मुलाचा मावसभाऊ इथेच कोंढव्याला राहून शिकतो, त्याच्या फोनवरून ती आमच्याशी बोलायची. ती अरबीत बोले, तो हिंदीत सांगे. ती कधी 'फाशी द्या' म्हणाली नाही. तिचं एकच मागणं होतं. माझा मुलगा कुणाला मारायला गेला नव्हता, एवढं तुमच्या कोर्टाने म्हणावं. तिथे उरलेल्या नातेवाइकांत बातमी पोचली होती, की परदेशात भांडण काढलं आणि मेला. तिला ते पुसून टाकायचं होतं. मी तिला म्हणायचे, "म्हणेल, कोर्ट नक्की म्हणेल. आमचे हे स्वतः साक्षीदार आहेत. ते खोटं बोलत नाहीत."

ते खरंच बोलत नाहीत. कमी बोलतात, ही त्यांची दुसरी खोड. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, वर एक अक्षर फुकट नाही. पेठेत याला बाणेदारपणा म्हणतात. मी संसारभर त्याला वेगळं नाव देत आले आहे, ते इथे लिहीत नाही.

साक्षीच्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून पिंजऱ्यात ताठ उभे राहिले. सरकारी वकिलांना घाई होती. त्यांनी विचारलं, मग मुलाने काय केलं? हे म्हणाले, "तो धावून आला." वकिलांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नावर गेले. मग आरोपीचे वकील उठले. अतिशय अदबीचा माणूस. 'सर' म्हणूनच बोलत होता.

"सर, आपण म्हणालात, तो धावून आला. जोरात?"

"हो, जोरात."

"ओरडत?"

"हो."

"आरोपी तेव्हा कुठे होता?"

"माझ्या शेजारी."

"म्हणजे मयत आरोपीच्याच दिशेने धावून आला?"

हे जरा थांबले. मला वाटलं, आता बोलतील. "दिशा तीच," हे म्हणाले.

"आभारी आहे, सर. एवढंच."

आणि हे पिंजऱ्यातून उतरले. काय ओरडत आला, ते विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. बाहेर आल्यावर समाधानाने म्हणाले, "एक शब्द चुकीचा बोललो नाही." मलाही तेव्हा काही खटकलं नाही, खरंच नाही. आमच्या घरात धावून येणं म्हणजे अडीनडीला येणं. माझ्या ऑपरेशनला माझी नणंद धावून आली होती. धावून आला म्हणजे मदतीलाच आला, आणखी कशाला येणार? ते वाक्य कोर्टाच्या कागदावर एकटं पडलं, आणि एकट्या माणसाचं इथे काय होतं ते आम्ही पाहिलंच होतं.

निकालात न्यायाधीशांनी तेच वाक्य वाचलं. सरकार पक्षाचाच साक्षीदार, स्वतः शिक्षक, त्याचं आरोपीशी सख्य नाही, आणि तोही सांगतो की मयत जोरात, ओरडत, आरोपीच्या अंगावर धावून आला. अंगावर. हा शब्द कुठून आला? यांनी म्हटलेला नव्हता. तो वाक्यात कुणी घुसवलाही नसेल. मुलगा तेवढा उंच, तेवढा काळा, म्हणून ऐकणाऱ्यांना तो न म्हणताच ऐकू आला असेल. न्यायाधीश पुढे वाचत होते, अशा माणसाला पाहून आरोपीला जिवाची भीती वाटणं स्वाभाविक होतं. स्वसंरक्षण. निर्दोष. बाकावर यांनी माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट, की बांगडी रुतली. "मी अंगावर म्हणालो नव्हतो," हे पुटपुटले. पुढच्या बाकावरून कुणीतरी "शू" केलं.

सरकारी वकील कोर्टाच्या जिन्यात भेटले. "काका, अपिलाचं बघू," म्हणाले, आणि उतरता उतरता वळून, "नुसतं 'मदतीला' म्हणाला असतात तरी पुरलं असतं हो." आणि गेले.

तर घरी आलो. इमारतीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस. 'सत्याचा विजय.' 'आता तरी खोल्या देताना विचार करा, कुणाचं नाव घेत नाही.' वरच्या मजल्यावरची मुलगी हिंजवडीला कंपनीत आहे, तिने इंग्रजीत काहीतरी निषेधाचं टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत तिच्या वडिलांनी ते पुसायला लावलं. जिन्यात एक बाई मला म्हणाल्या, "तसा गुणी होता हो मुलगा. पण अंगाने केवढा!" मी म्हटलं, "तुमचे जावईही तेवढेच आहेत. जपून राहा." त्या बाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

मग दुकानदाराची बायको पेढे घेऊन आली. ती वाईट नाही, हे सांगायला हवं. नवरा आत असताना तिने दुकान चालवलं, रडत रडत. त्याच्याबद्दलही मला काय वाटतं ते नीट सांगता येत नाही. तो खरोखरच घाबरला असणार. पण ज्याला बघून घाबरायचं ते त्याला कुणी शिकवलं होतं? आम्ही सगळ्यांनीच, या गल्लीने. "काकू, तोंड गोड करा," ती म्हणाली.

"आम्हाला सुतक आहे," मी म्हटलं.

"अगंबाई! कोण गेलं?"

मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. कळायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने खोक्याचं झाकण लावलं आणि खाली गेली. दार लावून मी ओट्याशी जाऊन रडले. खूप रडले. मला पेढ्यांचा राग नव्हता, 'कोण गेलं' याचा होता.

दिवेलागणीला मावसभाऊ आला. निकाल त्याला बाहेरूनच कळला होता. आईला सांगायचं राहिलं होतं. "आंटी, मैं अकेला नहीं बोल पाऊँगा," म्हणाला. हॉलमध्ये आम्ही तिघं बसलो, फोन टीपॉयवर उभा केला. चित्र हलत होतं, मधेच थिजत होतं. पांढरी ओढणी, बारीक चेहरा, मुलासारखंच रुंद कपाळ.

त्याने तिला सांगितलं. किती सांगितलं, कसं सांगितलं, मला कळलं नाही. अरबी मला येत नाही, पण ती ऐकता ऐकता कशी लहान होत गेली ते दिसत होतं. ती ओरडली नाही. मी म्हटलं, "तिला सांग, तो मारायला आला नव्हता. आम्हाला ठाऊक आहे. आम्ही दोघं मरेपर्यंत सांगू." त्याने सांगितलं. तिने मान हलवली, उपचार म्हणून हलवतात तशी.

मग तिने यांच्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. तिने पुन्हा विचारलं.

"अंकल," तो म्हणाला, "वो पूछ रही है, वो आप तक पहुँचा था क्या? आपको उठाया था?"

मला उत्तर माहीत होतं. यांनी पोलिसांना सांगितलं होतं, मला सांगितलं होतं, अर्ध्या झोपेतही बरळले होते. मुलगा दोन हातांवर असतानाच आकडा बसला. तो यांच्या पायांशी पडला. त्याचा हात यांना लागलाच नाही.

हे पुढे सरकले. हिंदी यांना धड येत नाही, आली तरी बोलत नाहीत. मराठीतच बोलले, वर्गात बोलायचे तशा स्वच्छ आवाजात. "हो. पोचला. त्याने मला धरलं, उठवून बसवलं. 'लागलं का' म्हणून विचारलं. मग ते झालं."

मावसभावाला मराठी कळत होतं, आणि खरं काय तेही. तो यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने डोळे मिटले आणि तिला तसंच सांगितलं.

तिने दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले आणि अल्लाचं नाव घेतलं. ते भाषांतर न करताही कळलं. मग तिने आणखी एक प्रश्न विचारला, हळू, लहान मुलाने विचारावा तसा. कुठे धरलं होतं?

यांनी उजव्या हाताने स्वतःचा डावा दंड धरला, कोपराच्या जरा वर, आणि फोनपुढे केला. "इथे," म्हणाले.

ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि त्या दंडाकडे पाहत राहिली. मग रेंज गेली. मावसभाऊ फोन घेऊन उठला, मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तेव्हा हे तसेच बसले होते, दंड धरून. मी "अहो" म्हटलं, तरी त्यांनी हात सोडला नाही.