डच गाईचं कुंकू

कापसाच्या दुसऱ्याच बोळ्याला गाईच्या कपाळावरचा लाल डाग निघाला आणि मी स्वतःवर खूश झालो.

जुनी चित्रं साफ करणं हा माझा धंदा. म्युझियममधून रिटायर झालो, आता जुन्नरला घरीच करतो. हे चित्र महाळुंगे पडवळच्या दत्ताभाऊंचं. एकोणिसाव्या शतकातलं, हॉलंडमधल्या खेड्याचं. कालवा, लांबवर पवनचक्की, पुढे गाय नि वासरू. भाऊंना जरबेराचं पॉलिहाऊस शिकवायला आलेल्या डच पाहुण्याने ते स्वतःच्या घरातलं आणून दिलं होतं. तो रविवारी परत येणार होता.

"लई मळलंय, साहेब," भाऊ म्हणाले होते. "त्यो म्हणल, कुणाच्या हातात दिलं मी. अन् त्यो लाल डाग तर ठिवूच नका."

अशा चित्रावर वॉर्निशचा थर असतो. तो वर्षानुवर्षं पिवळा पडतो. खालच्या रंगाला धक्का न लावता तेवढाच उतरवायचा. डाग वॉर्निशच्या वर होता, म्हणजे चित्रकाराचा नव्हे. काढला. आभाळ निळं झालं.

शनिवारी काच बसवून घेऊन गेलो. भाऊंच्या मंडळींनी, सुमनबाईंनी, जवळ येऊन पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कपाळ पांढरं केलं की वो तिचं."

गोठा मोडून पॉलिहाऊस झालं, तेव्हापासून वसुबारसेला त्या याच गाय-वासराची पूजा करत होत्या. भाऊ जमिनीकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुसलेलं कुंकू परत आणायचं केमिकल आमच्या धंद्यात नाही.

रविवारी मलाही जेवायला बोलावलं होतं. पाहुणा चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला.

"सुंदर," तो इंग्रजीत म्हणाला. "पण लाल कुठे गेलं?"

त्याने मोबाईल काढून फोटो दाखवला. सुमनबाईंनीच दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर पाठवलेला, कुंकवासकट. त्याच्या आईने तो छापून फ्रिजवर लावला होता. मी हे मराठीत सांगितलं, तशा सुमनबाई देवघराकडे वळल्या आणि करंडा घेऊन आल्या.

"काचेवर लावा," मी म्हणालो. "चित्राला काही होत नाही."

"वसुबारसेला टाइम हाय अजून," भाऊ पुटपुटले.

"तुमी गप ऱ्हावा."

काचेवर बोट टेकलं. पाहुण्याने लगेच आईसाठी फोटो काढला. मग आम्ही पोटभर जेवलो.

कामाला हात लावण्याआधी मालकाला विचारावं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी विचारलं होतं. पूजा कोण करतं, ते विचारायचं राहिलं.