कुत्र्याला पाजलेलं तेल

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. बैलाचा रवंथ जरा थांबला तरी आमच्या काकांना लगेच कळतं, पण कुत्र्याचं पोट टम्म फुगलं, उबळ येऊनही काही पडेना, तरी त्यांना घाई नव्हती. बैलाला पाजतात तसं गोडं तेल त्यांनी त्याच्या घशात ओतलं. "बैलाले चालते, तं याले काहून नाई?"

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर कडाडले, "जठराला पीळ पडलाय, वर तेल फुप्फुसात गेलंय! पोट फुगताच का नाही आणलं?" त्याला ऑपरेशनला आत नेलं आणि मी सगळ्यांदेखत काकांचा अडाणीपणा काढला.

काका हळूच म्हणाले, "तोंड तं तूच धरलं होतं ना, बाबू."